द क्वीन ऑफ नथिंग

'द क्वीन ऑफ नथिंग' ही अमेरिकन लेखिका हॉली ब्लॅक यांची इंग्रजी भाषेतील अद्भुतरम्य प्रणयकादंबरी आहे. ती १९ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. 'द फोक ऑफ द एअर' या त्रिखंडी मालिकेचा हा तिसरा व अखेरचा खंड असून 'द क्रूएल प्रिन्स' (२०१८) आणि 'द विकेड किंग' (२०१९) हे तिचे आधीचे दोन खंड होत. परीलोकात वाढलेली मर्त्य मुलगी ज्यूड दुआर्ते आणि परीलोकाचा राजा कार्डन यांच्या वैरातून उमलणाऱ्या प्रेमाची व सत्तासंघर्षाची कथा या खंडात पूर्णत्वास जाते. शीर्षकाचा अर्थ 'कशाचीच राणी नसलेली' असा होतो. राणीपद मिळूनही राज्याबाहेर हाकलल्या गेलेल्या नायिकेच्या अवस्थेकडे त्याचा निर्देश आहे.

या मालिकेला मोठा वाचकवर्ग लाभला. तथापि तिचा शेवट हा वाचकांमधील दीर्घ वादाचा विषय ठरला. पहिल्या दोन खंडांनी निर्माण केलेल्या अपेक्षांच्या तुलनेत अखेरचा खंड आखूड, घाईचा व सोयीस्कर आहे, असा आक्षेप मालिकेच्या चाहत्यांनीच घेतला. त्यामुळे लोकप्रिय मालिकेच्या अखेरच्या खंडाबद्दल होणाऱ्या अपेक्षाभंगाचे उदाहरण म्हणूनही या कादंबरीकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

इंग्रजीतील 'फे' किंवा 'फेअरी' या शब्दाचा मराठीत सामान्यतः 'परी' असा अनुवाद केला जातो. परंतु दोन्ही कल्पना एकरूप नाहीत. मराठी बालवाङ्मयातील परी ही सुंदर, पंख असलेली व बहुधा उपकारक असते. स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंडच्या लोककथांतील परीजन मात्र माणसाला भुरळ घालणारे, लहरी आणि प्रसंगी क्रूर असतात. ते मुले पळवतात, आपल्या मेजवानीतील अन्न खाणाऱ्याला अडकवून ठेवतात आणि दिलेल्या शब्दाच्या अक्षरार्थाला बांधलेले असतात. लोखंड, मीठ व रोवन वृक्षाची फळे यांमुळे त्यांच्यापासून संरक्षण होते, अशी समजूत आहे. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकातील ओबेरॉन व टायटॅनिया हे या परंपरेतील सर्वपरिचित राजा-राणी होत.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या लोककथांचा आधार घेणाऱ्या प्रणयप्रधान अद्भुतकथांची इंग्रजीत मोठी लाट आली. सारा जे. मास यांची २०१५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका आणि ब्लॅक यांची ही मालिका या प्रवाहातील ठळक उदाहरणे मानली जातात. 'रोमान्स' आणि 'फँटसी' या शब्दांच्या जोडणीतून या प्रकाराला 'रोमँटसी' असे नाव पडले.

लेखिका व मालिका

हॉली ब्लॅक यांचा जन्म १९७१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. 'टाइद' (२००२) या त्यांच्या पहिल्याच कादंबरीत परीजनांचे अंधारे विश्व आले होते. चित्रकार टोनी डिटरलिझी यांच्यासह त्यांनी केलेली 'द स्पायडरविक क्रॉनिकल्स' ही मुलांसाठीची मालिका विशेष गाजली. 'डॉल बोन्स' या त्यांच्या कादंबरीला २०१४ साली 'न्यूबेरी ऑनर' हा सन्मान मिळाला. 'द क्वीन ऑफ नथिंग' लिहिण्यापूर्वी त्या जवळजवळ दोन दशके परीकथांच्या क्षेत्रात लेखन करीत होत्या.

मालिकेचा पहिला खंड जानेवारी २०१८ मध्ये व दुसरा जानेवारी २०१९ मध्ये आला. तिसरा खंड जानेवारी २०२० मध्ये अपेक्षित होता. मात्र प्रकाशनाची तारीख अलीकडे आणून तो नोव्हेंबर २०१९ मध्येच वाचकांच्या हाती देण्यात आला. अमेरिकेत 'लिटल, ब्राउन बुक्स फॉर यंग रीडर्स' या संस्थेने ही मालिका प्रसिद्ध केली. पहिला खंड सुमारे ३७० पानांचा, तर तिसरा सुमारे ३०० पानांचा आहे.

आधीच्या खंडांतील कथाभाग

ज्यूड व टॅरिन या जुळ्या बहिणी सात वर्षांच्या असताना मॅडोक हा परीलोकाचा सेनापती त्यांच्या आईवडिलांची हत्या करतो. मॅडोक हा 'रेडकॅप' म्हणजे शत्रूच्या रक्तात टोपी बुडवणाऱ्या योद्ध्यांच्या जातीचा आहे. त्यांची आई पूर्वी त्याची पत्नी होती आणि थोरली बहीण व्हिव्हियन ही त्याची स्वतःची मुलगी. तो तिन्ही मुलींना एल्फहेम या परीराज्यात नेऊन स्वतःच्या घरी वाढवतो. मातापित्यांचा मारेकरीच पालक झाल्यामुळे ज्यूडच्या मनात त्याच्याविषयी द्वेष व ममता यांचे चमत्कारिक मिश्रण तयार होते.

मर्त्य म्हणून हिणवल्या जाणाऱ्या ज्यूडला त्या राज्यात मानाचे स्थान हवे असते. धाकटा राजपुत्र कार्डन तिचा सतत छळ करतो. राज्याभिषेकाच्या प्रसंगी राजघराण्याची कत्तल होते तेव्हा ज्यूड युक्तीने कार्डनलाच सिंहासनावर बसवते आणि एक वर्ष व एक दिवस त्याने आपल्या आज्ञेत राहावे, असे वचन त्याच्याकडून मिळवते. दुसऱ्या खंडात ती पडद्याआडून राज्य चालवते, सागरतळाच्या राणीच्या कैदेत पडते आणि अखेर कार्डनशी विवाह करते. विवाहानंतर लगेचच कार्डन तिला मर्त्यलोकात हद्दपार करतो. मुकुटाकडून क्षमा मिळेपर्यंत तिने परतू नये, अशी त्या शिक्षेची अट असते. या अनपेक्षित वळणावर दुसरा खंड संपतो. पुढील खंडाविषयीची उत्कंठा शिगेला पोहोचण्याचे ते मुख्य कारण होते.

कथानक

तिसऱ्या खंडाच्या प्रास्ताविकात कार्डनच्या जन्मप्रसंगी वर्तवलेले भाकीत येते. हा बालक मुकुटाचा नाश करील व सिंहासनाला धुळीस मिळवील, मात्र त्याच्या सांडलेल्या रक्तातूनच थोर राज्यकर्ता उदयास येईल, असे राजज्योतिषी सांगतो.

मुख्य कथा सुरू होते तेव्हा ज्यूड मर्त्यलोकात व्हिव्हियनच्या घरी राहत असून तेथील परीजनांची किरकोळ कामे करून दिवस काढत आहे. अशातच टॅरिन तिच्याकडे येते. तिने आपला पती लॉक याचा खून केला आहे आणि चौकशीत मंत्रप्रभावाखाली सत्य बोलून जाण्याची तिला भीती आहे. ज्यूडवर असा मंत्र चालत नसल्यामुळे ती टॅरिनचे रूप घेऊन एल्फहेमला जाते. कार्डन तिला ओळखतो. परंतु त्या दोघांचे बोलणे पूर्ण होण्याआधीच मॅडोकची माणसे तिला टॅरिन समजून सोडवून नेतात. अशा रीतीने ती उत्तरेकडील शत्रूच्या छावणीत पोहोचते. तेथे मॅडोकने 'कोर्ट ऑफ टीथ' या क्रूर दरबाराशी आणि ग्रिमसेन या लोहाराशी संधान बांधलेले असते.

छावणीत ज्यूडचे सोंग उघडे पडते आणि पळून जाण्याच्या प्रयत्नात मॅडोकच्या तलवारीने ती प्राणांतिक जखमी होते. मात्र एल्फहेमची भूमीच तिला बळ देते आणि ती वाचते. आपण खरोखर राणी आहोत, याचा तो पुरावा ठरतो. पुढे हद्दपारीच्या अटीचा उलगडा होतो. ज्यूड स्वतःच राणी असल्यामुळे 'मुकुट' या शब्दात तीही येत होती. म्हणजे ती स्वतःलाच क्षमा करून केव्हाही परतू शकत होती. हे कोडे ती सोडवील, अशी कार्डनची कल्पना होती.

राणी म्हणून ज्यूडची जाहीर घोषणा झाल्यानंतर मॅडोक सैन्यासह येतो. त्याच्याशी झालेल्या सामन्यात कार्डन मुकुट मोडून टाकतो आणि ग्रिमसेनच्या शापामुळे त्याचे एका प्रचंड सर्पात रूपांतर होते. सर्पाला कायमचे ताब्यात ठेवू शकणारा मंतरलेला लगाम ज्यूडला देऊ केला जातो. तो वापरला तर कार्डन जिवंत राहील, परंतु गुलाम म्हणून. ज्यूड लगाम नाकारते आणि सर्पाचे मस्तक छाटते. त्याच्या रक्तातून कार्डन मूळ रूपात बाहेर येतो व भाकीत खरे ठरते. मॅडोकला शस्त्र न धरण्याच्या अटीवर मर्त्यलोकात धाडले जाते. मर्त्यलोकातील एका घरात सर्व कुटुंब पिझ्झा खात एकत्र बसले आहे, अशा घरगुती दृश्याने कादंबरी संपते.

निवेदन व रचना

तिन्ही खंडांचे मुख्य निवेदन ज्यूडच्या तोंडून, प्रथमपुरुषी व वर्तमानकाळी आहे. त्यामुळे वाचकाला केवळ तिला ठाऊक असलेलेच कळते. पहिल्या दोन खंडांत या मर्यादेचा उत्तम उपयोग झाला आहे. कार्डनच्या मनात काय चालले आहे, हे वाचकाला ज्यूडइतकेच अंधारात चाचपडावे लागते. तिसऱ्या खंडात हीच मर्यादा अडचणीची होते. कार्डन उत्तरार्धाचा महत्त्वाचा भाग सर्परूपात, म्हणजे वाणीविना असतो. ज्या नात्याच्या उलगड्यासाठी वाचक थांबलेले असतात, त्यातील एक पक्ष नेमक्या निर्णायक वेळी बोलू शकत नाही.

आशयसूत्रे

सत्ता व प्रेम यांतील विरोध हे मालिकेचे मध्यवर्ती सूत्र आहे. पहिल्या खंडात ज्यूड वचनाच्या बळावर कार्डनला बांधून ठेवते. तिसऱ्या खंडात तिच्या हाती लगाम येतो तेव्हा तोच प्रश्न अधिक तीव्र रूपात समोर उभा राहतो. प्रिय व्यक्तीला बांधून जवळ ठेवायचे, की मुक्त करून कायमचे गमवायचे? ज्यूड दुसरा मार्ग निवडते. सत्तेच्या हव्यासातून सुरू झालेला तिचा प्रवास सत्तेच्या त्यागाशी येऊन पोहोचतो. या दृष्टीने पाहता शेवटाचा सांगाडा सुसंगत आहे.

दुसरे सूत्र शब्दाच्या अर्थाचे. परीजन खोटे बोलू शकत नाहीत. म्हणून ते शब्दांच्या पळवाटा शोधतात. हद्दपारीच्या अटीतील श्लेष आणि भाकितातील 'रक्त' या शब्दाचा दुहेरी अर्थ ही याची उदाहरणे होत. सांडलेले रक्त म्हणजे मृत्यू, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ते पुनर्जन्माचे साधन ठरते.

लोकपरंपरेशी नाते

सर्पाचा प्रसंग वाचताना स्कॉटलंडमधील 'टॅम लिन' या लोकगाथेची आठवण होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी संकलित केलेल्या लोकगाथांत तिचा क्रमांक ३९ आहे. त्या कथेतील नायिका परीराणीच्या तावडीतून प्रियकराला सोडवण्यासाठी त्याला मिठीत घट्ट धरून ठेवते. त्याचे साप, हिंस्र पशू व तप्त लोखंड यांत रूपांतर होत गेले तरी ती मिठी सोडत नाही. त्या कथेत धरून ठेवणे हीच प्रेमाची कसोटी आहे, तर ब्लॅक यांच्या कादंबरीत सोडून देणे ही कसोटी होते. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्यास हा फरक स्पष्ट दिसतो.

प्रतिसाद

कादंबरीचे स्वागत सामान्यतः अनुकूल झाले आणि मालिकेची गणना अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या किशोर-तरुण साहित्यात झाली. ज्यूड व कार्डन यांच्यातील चुरचुरीत संवाद, मॅडोक या पालक-शत्रूचे गुंतागुंतीचे चित्रण आणि कथेचा वेग या गुणांची वाखाणणी झाली. अपराध्याला मारण्याऐवजी शस्त्रविहीन आयुष्याची शिक्षा देण्याचा निर्णयही अनेकांना अर्थपूर्ण वाटला.

निराश झालेल्या वाचकांचे आक्षेप मुख्यतः पुढील मुद्द्यांभोवती केंद्रित झाले.

घाई: हद्दपारी, वेषांतर, छावणी, राज्यारोहण, शाप व शापमुक्ती एवढा मजकूर सुमारे ३०० पानांत बसवला आहे. दुसऱ्या खंडाच्या शेवटी भयंकर वाटलेली हद्दपारी प्रत्यक्षात थोड्याच प्रकरणांत संपते. विश्वासघाताच्या जखमेवर पती-पत्नीमध्ये जे प्रदीर्घ बोलणे व्हायला हवे, तेही थोडक्यात आटोपते.

सोयीस्कर उलगडा: मालिकेची खरी ओढ जादू नसलेल्या मुलीच्या बुद्धीत, शिस्तीत व जिद्दीत होती. अखेरच्या खंडात तिचा जीव भूमीच्या चमत्काराने वाचतो आणि पतीही चमत्कारानेच परत येतो. ज्यूडने जे कष्टाने मिळवावे अशी अपेक्षा होती, ते तिला बहाल केले जाते, असे या वाचकांचे म्हणणे आहे.

सुटलेले धागे: पहिल्या खंडातील कपटी प्रियकर लॉक याचा मृत्यू पडद्याआड होतो. दुसऱ्या खंडात राज्याला वेठीस धरणारे सागरतळाचे राज्य येथे मागे पडते. 'कोर्ट ऑफ टीथ'च्या रूपाने आलेले नवे खलनायक पुरेसे उभे राहण्याआधीच निकालात निघतात.

छळाचा विसर: कार्डनच्या जुन्या क्रौर्याचा हिशेब पुरता होत नाही, असाही एक गंभीर आक्षेप आहे. त्याच्या बालपणातील उपेक्षेमुळे त्याचे वागणे समजू शकते. परंतु समजणे म्हणजे क्षमा नव्हे. कोवळ्या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या प्रेमकथेत छळ करणाराच अखेर प्रियकर ठरतो, तेव्हा पश्चात्तापाला पुरेशी जागा देणे आवश्यक आहे, असे या मताचे वाचक मानतात.

समर्थकांनी या आक्षेपांचा प्रतिवाद केला आहे. ज्यूड ही मुळात उतावीळ व कृतिशील असल्यामुळे तिच्या निवेदनाला वेग असणे स्वाभाविक आहे, तसेच लोककथेच्या चौकटीत शापाचा अंत एका धाडसी कृतीनेच व्हायचा, असे त्यांचे म्हणणे आहे. सर्पावर वार करताना कार्डन परतेल याची ज्यूडला मुळीच खात्री नसते. त्यामुळे तिचा निर्णय फुकटचा ठरत नाही, याकडेही ते लक्ष वेधतात.

वादाचे स्वरूप पाहता दोन गोष्टी वेगळ्या करणे उपयुक्त ठरते. शेवटी काय घडले, याविषयी फारशी तक्रार नाही. कार्डन व ज्यूड यांचे मीलन बहुतेक सर्वांना हवेच होते. ते कसे घडले, याविषयी तक्रार आहे. मालिकेचे वाचक दोन-दोन खंडांचा काळ पात्रांच्या सहवासात घालवतात. अखेरच्या खंडाकडून त्यांना निकालापेक्षा त्या सहवासाला साजेसा निरोप अपेक्षित असतो.

भारतीय कथापरंपरेच्या संदर्भात

मर्त्य व अमर्त्य यांच्यातील प्रेम हा विषय भारतीय वाचकाला नवा नाही. नाशिकच्या पंचवटीशी निगडित असलेल्या शूर्पणखेच्या कथेतही इच्छेनुसार रूप पालटणारी अमानवी स्त्री मर्त्य राजपुत्रावर मोहित होते. मात्र त्या कथेची परिणती अवहेलनेत व युद्धात होते. महाभारतातील गंगा शंतनूने अट मोडताच त्याला सोडून जाते. अटीच्या शब्दावर नाते टिकणे वा तुटणे, हे सूत्र या कथेत व ब्लॅक यांच्या मालिकेत समान आहे.

शेवटाच्या प्रश्नासाठी उर्वशी व पुरूरवा यांची कथा विशेष उद्बोधक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील संवादसूक्तात (१०.९५) उर्वशी राजाच्या विनवण्यांना न जुमानता दूर राहते. कालिदासाने 'विक्रमोर्वशीय' नाटकात हा शेवट बदलला. त्याच्या नाटकात उर्वशी शापाने वेल होते, संगमनीय मण्यामुळे पूर्वरूपात येते आणि इंद्राच्या कृपेने राजाच्या आयुष्यभर त्याच्याजवळ राहते. येथेही रूपांतर, चमत्कार व सुखान्त आहेच. परंतु वेलीच्या शोधात वनात भटकणाऱ्या राजाच्या विरहाला कालिदासाने चौथा अंक दिला आहे. चमत्कारापूर्वीच्या दुःखाला जागा मिळाल्यामुळे चमत्कार उपरा वाटत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच संधींपैकी अखेरच्या संधीला 'निर्वहण' म्हटले आहे. आरंभापासून पेरलेले अर्थ या संधीत एकत्र आणावेत आणि तेथे अद्भुत रसाची योजना करावी, असे तेथे सांगितले आहे. त्या कसोटीवर 'द क्वीन ऑफ नथिंग'मधील अद्भुताला आक्षेप घेता येत नाही. पेरलेले सर्व अर्थ एकत्र आले का, एवढाच प्रश्न उरतो.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातही असाच विचार झाला होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय होत असताना काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' प्रसिद्ध करून या नव्या वाङ्मयप्रकाराची चिकित्सा केली. कल्पित कथेवर प्रेम करणाऱ्या वाचकाने तिच्याकडून सयुक्तिकतेची अपेक्षा बाळगावी का, हा प्रश्न मराठीतही दीडशे वर्षांचा आहे.

पुढील लेखन

मालिका संपल्यानंतरही ब्लॅक यांनी त्याच विश्वात लेखन चालू ठेवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'हाउ द किंग ऑफ एल्फहेम लर्न्ड टू हेट स्टोरीज' या रोव्हिना काय यांच्या चित्रांनी सजलेल्या पुस्तकात कार्डनच्या दृष्टिकोनातून त्याचे उपेक्षित बालपण व मनोव्यापार येतात. मूळ मालिकेत मूक राहिलेली बाजू त्यात काही अंशी बोलकी होते.

'द स्टोलन एअर' (२०२३) व 'द प्रिझनर्स थ्रोन' (२०२४) या दोन कादंबऱ्यांत ज्यूडचा धाकटा भाऊ ओक आणि 'कोर्ट ऑफ टीथ'ची बालराणी सुरेन यांची कथा आहे. 'द क्वीन ऑफ नथिंग'मध्ये दुय्यम राहिलेल्या सुरेनला येथे नायिकेचे स्थान मिळाले असून त्या दरबाराच्या क्रौर्याचे परिणामही विस्ताराने आले आहेत. तिसऱ्या खंडात घाईने मिटवलेले काही धागे अशा प्रकारे पुढे उलगडले गेले. ज्यूड व कार्डन यांची मुख्य कथा मात्र त्या खंडातच संपते.